कांदा, मंडई आणि सातबारा

नोव्हेंबर संपत आला की सिएटलमध्ये दिवस नावालाच उरतो. सकाळी साडेसातला कसंबसं उजाडतं आणि दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडतो. मधल्या वेळात पाऊस. आपल्याकडच्या पावसाशी त्याचं काही नातं नाही. ना गडगडाट, ना ओहोळ, ना मातीचा वास. नुसती भुरभुर, दिवसभर. इथले जुने लोक छत्री वापरत नाहीत. छत्री दिसली की माणूस बाहेरचा असं खुशाल समजावं. आईची छत्री नाशिकहून आलेली, काळी, लांब दांड्याची. ती घेऊनच आम्ही मायलेक गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पाइक प्लेस मार्केटला गेलो.

आई याआधी दोनदा आली होती, पण उन्हाळ्यात. तेव्हा मार्केटमध्ये पर्यटकांची इतकी गर्दी असते की भाजी दिसतच नाही, भाजीचे फोटो काढणाऱ्यांच्या पाठी दिसतात. एका बाजूला ते मासे फेकून झेलणारे कोळी, त्यांच्याभोवती घोळका. आईने तेव्हा एकच शेरा मारला होता, "अन्न असं फेकतात का रे?" आणि विषय संपवला होता. या वेळी मात्र थंडी आणि पावसामुळे गर्दी बेताची होती, आणि आईला खरा बाजार बघायला मिळाला.

शरद ऋतूच्या शेवटी इथला बाजार रंगाने उतरतो, पण वजनाने भरतो. टोमॅटो, मका, बेरी सगळं गेलेलं. आता राज्य भोपळ्यांचं. लांबट, चपटे, गाठीगाठींचे, हिरव्या पाठीचे, केशरी पोटाचे. शेजारी केलच्या जुड्या, लीक, बीट, सलगम. ब्रसल्स स्प्राउट्स अख्ख्या दांड्यासकट, जणू कोणी काठीला लिंबाएवढे कोबी चिकटवलेत. डोंगरापलीकडून, याकिमा आणि वेनाची खोऱ्यांतून आलेली सफरचंदं आणि नासपती. आणि कांदे. जाड पिवळ्या सालीचे, हिवाळाभर टिकणारे कांदे.

कांद्यापाशी आई थांबणार हे सांगायला नको. तिचं माहेर निफाड तालुक्यातलं. तिने एक कांदा उचलला, मानेपाशी अंगठ्याने दाबला, साल चोळून कानाशी वाजवली आणि म्हणाली, "वाळवलाय चांगला. चाळीतला आहे." मी तिला सांगितलं की याच राज्यात वाला वाला नावाचा एक गोड कांदा होतो, कच्चा खाता येतो असा. कॉर्सिका बेटावरून एका फ्रेंच सैनिकाने १९०० च्या सुमारास त्याचं बी इथे आणलं. पण तो जून-जुलैत येतो आणि टिकत नाही. "म्हणजे आपला पोळ," आई म्हणाली. पोळ म्हणजे खरिपाचा लाल कांदा. तो दिवाळीच्या आगेमागे निघतो आणि लगेच विकावा लागतो. उन्हाळी कांदा मात्र चाळीत पाच-सहा महिने राहतो. चाळीतला उन्हाळी संपत आलेला आणि नवा लाल अजून पुरेसा आलेला नाही, अशी जी फट नोव्हेंबरच्या आसपास पडते, तिच्यात कांद्याचा भाव भडकतो. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीतलं सरकार गेलं त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता, हे तुम्हाला आठवत असेलच.

आणि इथेच मला माझी आवडती गोष्ट सांगायची संधी मिळाली. कारण, मंडळी, हे पाइक प्लेस मार्केट उभं राहिलं तेच मुळी कांद्यापायी!

झालं असं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएटलच्या आसपासचे शेतकरी माल घेऊन शहरात यायचे आणि वेस्टर्न अ‍ॅव्हेन्यूवरच्या घाऊक व्यापाऱ्यांकडे टाकून जायचे. माल विकला गेला की कमिशन कापून उरलेले पैसे शेतकऱ्याला. भाव काय लागला, किती माल खराब निघाला, हे सगळं व्यापारी सांगेल ते. शेत सोडून दिवसभर शहरात बसायला शेतकऱ्याला सवड नाही, म्हणून दुसरा इलाजही नाही. आईला हे समजावून सांगायची गरजच पडली नाही. "अडत," ती म्हणाली. अडत, हमाली, तोलाई कापून हातात पडणारी पट्टी तिने लहानपणापासून पाहिलेली आहे. कधीकधी पट्टी अशी यायची की गाडीभाडं खिशातून भरावं लागे.

१९०६ ते १९०७ या वर्षभरात सिएटलमध्ये कांद्याचा भाव दसपट झाला. गिऱ्हाईक बोंबलू लागलं आणि शेतकऱ्याच्या हातात तर त्यातलं काही पडत नव्हतं. दोन्ही टोकं एकाच वेळी चिडली. असं फार क्वचित होतं. नाहीतर भाव वाढला की शहर रडतं आणि पडला की गाव. थॉमस रेव्हेल नावाच्या नगरसेवकाने १८९६ चा एक वटहुकूम शोधून काढला. सार्वजनिक बाजारासाठी जागा राखून ठेवायचा अधिकार त्यात शहराला दिलेला होता. त्याचा आधार घेऊन ऑगस्ट १९०७ मध्ये ठराव मंजूर झाला: पाइक प्लेसवर शेतकऱ्यांनी गाड्या उभ्या कराव्यात आणि थेट गिऱ्हाइकाला विकावं.

१७ ऑगस्ट १९०७, शनिवार. पहिल्या दिवशी आल्या जेमतेम आठ-बारा गाड्या. गिऱ्हाईक मात्र हजारोंनी. सकाळी अकराच्या आत सगळा माल संपला आणि बहुतेक बायका रिकाम्या पिशव्या घेऊन घरी गेल्या. ही गर्दी पाहून फ्रँक गुडविन या जमिनीच्या व्यवहारातल्या माणसाने लगोलग छपराखालचे ओटे बांधायला घेतले, आणि ३० नोव्हेंबर १९०७ ला पहिली इमारत उघडली. मी कॅलेंडर मांडून पाहिलं तर तोही थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवारच निघाला. पुढे या बाजाराचं ब्रीदच ठरलं: पिकवणाऱ्याला भेटा. आजही शेतकऱ्यांच्या ओट्यांवर स्वतः पिकवलेलंच विकायचा नियम आहे, आणि सकाळी ज्येष्ठतेप्रमाणे पुकारा होऊन ओटे वाटले जातात.

ही गोष्ट मी इथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगत आलोय. १९८० च्या चाकणच्या कांदा आंदोलनाचं, शरद जोशींचं नाव घेऊन तिला मराठी फोडणीही देतो. गोष्ट कशी छान गोल आहे. कांदा महागतो, लोक चिडतात, दलाल बाजूला होतो, शेतकरी आणि गिऱ्हाईक समोरासमोर येतात. संपली. आईनेही ऐकून घेतली. मग आम्ही फुलांच्या ओट्यांकडे वळलो.

नोव्हेंबरात ताजी फुलं थोडीच, त्यामुळे ओट्यांवर वाळवलेल्या फुलांचे गुच्छ असतात. गव्हाच्या लोंब्या, लव्हेंडर, कागदासारखी कडक झालेली रंगीत फुलं. हे ओटे बहुतेक मोंग लोकांचे. आईच्याच वयाची एक बाई गुच्छ बांधत बसली होती, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. आई तिच्या हातांकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "तिला विचार, जमीन स्वतःची आहे का खंडाची."

मी म्हटलं, "आई, असं विचारत नाहीत इथे."

"बाजारात बसलेल्या बाईला हेच विचारायचं असतं," आई म्हणाली.

विचारलं. बाई हसली. जमीन भाड्याची, शहराबाहेर स्नोक्वाल्मीच्या खोऱ्यात, नातेवाइकांबरोबर मिळून घेतलेली. आईने मान हलवली, एक गुच्छ घेतला, घासाघीस केली नाही (हे मी प्रथमच पाहिलं), आणि चालायला लागल्यावर म्हणाली, "तुझी कांद्याची गोष्ट ठीक आहे. पण त्या गाड्या घेऊन आले त्यांच्या जमिनी कोणाच्या होत्या?"

आईचा हा प्रश्न कुठून येतो ते मला माहीत आहे. तिचे आजोबा कूळ होते. दुसऱ्याची जमीन कसायची, खंड घालायचा, आणि मालकाने उठ म्हटलं की उठायचं. १९४८ चा मुंबई कुळकायदा आणि १९५६ ची त्यातली दुरुस्ती यांच्यामुळे १ एप्रिल १९५७ ला, ज्याला कृषक दिन म्हणतात त्या दिवशी, कसणारी कुळं कायद्याने जमिनीची खरेदीदार मानली गेली. किंमत हप्त्याहप्त्याने फेडायची होती. सातबाऱ्यावर नाव लागलं त्या दिवशी आजोबांनी तो कागद देवापुढे ठेवला, ही गोष्ट आमच्या आजोळी अजून सांगतात. माझ्या सासुरवाडीला मात्र "कुळकायद्यात गेलं" हे वाक्य तितक्याच वेळा ऐकलंय. दोन्ही घरचे लोक हे वाचतील, तेव्हा यावर जास्त बोलत नाही!

पण प्रश्न डोक्यात राहिला. माझी गोष्ट १९०७ च्या नोव्हेंबरात छान गोल संपत होती, कारण मी ती तिथेच थांबवत होतो. त्यानंतरचे कित्येक दिवस मी रात्री वाचत बसलो. काही मला आधीच ठाऊक होतं, पण कांद्याच्या गोष्टीला जोडून कधी पाहिलं नव्हतं.

पहिली ठेच तारखेलाच लागली. बाजार उघडल्यानंतर अठराव्या दिवशी, ४ सप्टेंबर १९०७ ला, सिएटलच्या उत्तरेला दीडशेएक किलोमीटरवर बेलिंगहॅम गावात गोऱ्या कामगारांच्या शेकडोंच्या जमावाने लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांच्या खोल्यांवर हल्ले केले. मजूर बहुतेक पंजाबी शीख, पण वर्तमानपत्रांत सगळ्यांनाच 'हिंदू' म्हटलेलं. सामान रस्त्यावर फेकलं, माणसांना हुसकावलं. काही दिवसांत गावात आपल्याकडचा एकही माणूस उरला नाही. म्हणजे एकाच राज्यात, एकाच उन्हाळ्यात, कष्टकऱ्याला थेट भेटायचा बाजारही भरत होता आणि कष्टकऱ्याला हाकलायचा जमावही.

बाजाराच्या ओट्यांवर त्या काळात वाढत चालले होते ते जपानी शेतकरी. सिएटलच्या दक्षिणेला व्हाइट रिव्हरच्या खोऱ्यात, बेनब्रिज बेटावर, आणि लेक वॉशिंग्टनच्या पलीकडे बेलव्ह्यूमध्ये. आम्ही राहतो तेच बेलव्ह्यू. आज इथल्या दुकानात वांगी भरायला गेलात तर ओळीत पुढे-मागे मराठी ऐकू येतं. शंभर वर्षांपूर्वी इथे तोडलेल्या जंगलाचे बुंधे होते. मोठमोठे देवदार आणि फर तोडून कंपन्या निघून गेलेल्या, मागे राहिलेली खोडं इतकी प्रचंड की नांगर चालणं अशक्य. जमीनमालक काय करायचे, तर जपानी कुटुंबाला जमीन काही वर्षं द्यायची, बदल्यात त्यांनी खोडं काढून द्यायची. सुरुंग लावून, घोडे जुंपून, हाताने खणून ही माणसं जमीन साफ करायची, मग स्ट्रॉबेरी, वाटाणा, सेलरी लावायची. मुदत संपली की साफ झालेली जमीन मालकाची आणि कुटुंब पुढच्या खोडांकडे.

स्वतः का नाही विकत घेतली? घेता येत नव्हती. वॉशिंग्टन राज्याच्या १८८९ च्या घटनेतच तरतूद होती की नागरिक व्हायचा इरादा ज्याने जाहीर केलेला नाही अशा परक्याला जमिनीची मालकी मिळणार नाही. आणि नागरिक व्हायचा रस्ता आशियाई माणसाला बंद. १९२१ च्या कायद्याने मालकीच नव्हे तर खंडाने घेणं, वाट्याने कसणं हेही बंद केलं. लोकांनी पळवाट काढली आणि इथे जन्मलेल्या, म्हणजे जन्माने नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर व्यवहार सुरू केले. १९२३ च्या दुरुस्तीने अज्ञान मुलांच्या नावाची ती पळवाटही बुजवली. तरी शेती चालू राहिली. कोणा ओळखीच्या गोऱ्या माणसाच्या नावाने, कोणा सज्ञान मुलाच्या नावाने, कुठे कागदावर 'मजूर' म्हणून.

आणि यात आपण कुठे होतो? १९२२ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा खटल्यात सांगितलं की जपानी माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. पुढे तीनच महिन्यांत भगतसिंग थिंड यांचा खटला आला. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. मानववंशशास्त्राच्या हिशेबाने आम्ही कॉकेशियन, म्हणून गोरे, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, शास्त्र काहीही सांगो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदी माणूस बसत नाही. निकालाची तारीख १९ फेब्रुवारी १९२३.

ही तारीख वाचून मी जरा थांबलो. आपण मराठी माणसांना १९ फेब्रुवारी शिवजयंतीची. इथे मंडळाचा कार्यक्रम असतो, पोरं पोवाडे म्हणतात. त्याच तारखेला, १९४२ साली, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या हुकमावर सही केली. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला अडीच महिने झाले होते. लष्कराला वाटेल त्या भागातून वाटेल त्या माणसांना हलवायचा अधिकार मिळाला, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना हलवण्यात आलं. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे जन्मजात नागरिक होते.

त्या वेळी पाइक प्लेस मार्केटमध्ये काय स्थिती होती? शेतकऱ्यांच्या ओट्यांपैकी दोन-तृतीयांश, काही हिशेबांनी तर पाचातले चार, जपानी कुटुंबांकडे होते. थोडक्यात, गिऱ्हाइकाने 'पिकवणाऱ्याला भेटा' म्हणून पिशवी घेऊन यावं, तर भेटायचा तो बहुतेक वेळा जपानीच. वर्षानुवर्षं तीच बाई, तोच ओटा, तीच सेलरी. ओळख होती, नाव माहीत होतं, चार नाणी जास्त-कमी चालत होती.

३० मार्च १९४२ ला सगळ्यात आधी बेनब्रिज बेटावरची २२७ माणसं उचलली गेली. मे महिन्यात बेलव्ह्यूची साठेक कुटुंबं. प्रत्येकाने हाताने उचलता येईल एवढंच सामान घ्यायचं. इथे स्ट्रॉबेरी जूनमध्ये येते. म्हणजे रोपं पांढऱ्या फुलांनी आणि हिरव्या फळांनी लगडलेली असताना, हातातोंडाशी आलेला घास तसाच टाकून ती माणसं आगगाडीत बसली. बेलव्ह्यूमध्ये १९२५ पासून दर उन्हाळ्यात स्ट्रॉबेरीची जत्रा भरायची. १९४२ ला भरली नाही. पिकवणारेच नव्हते.

सिएटलच्या जपानी लोकांना नेलं प्युआलपला. तिथे दर वर्षी शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरायचं, त्याच मैदानावर घाईघाईने ठोकलेल्या खोल्यांत सात हजारांवर माणसं काटेरी तारांच्या आत ठेवली. लष्कराच्या प्रसिद्धी खात्याने या जागेला नाव दिलं 'कॅम्प हार्मनी'. उन्हाळ्याच्या शेवटी तिथून त्यांना आयडाहोच्या वाळवंटात, मिनिडोकाला हलवलं. तिथेही या लोकांनी काय केलं असेल? झुडपं काढून, पाणी फिरवून शेती केली.

आईचा प्रश्न इथे येऊन बसतो. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याला उठवायला फार वेळ लागत नाही. नागरिक असलेल्यांनाही उचललं हे खरं, आणि ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचंही अतोनात नुकसान झालं. पण परत यायची वेळ आली तेव्हा फरक कळला. १९४५ मध्ये छावण्यांतून सुटलेल्या माणसाकडे जर खंडाची जमीन असेल, तर त्याच्याकडे परत यायला काहीच नव्हतं. करार संपलेला, अवजारं विकलेली, शेतात दुसरा कोणीतरी. बेलव्ह्यूची बहुतेक कुटुंबं परतलीच नाहीत.

बाजारावर काय परिणाम झाला ते आकड्यांत दिसतं. १९३९ मध्ये मार्केटमध्ये शेतकऱ्यांचे पाचशेच्या वर परवाने होते. १९४९ मध्ये उरले पन्नासच्या आसपास. सगळा दोष १९४२ चा नाही. त्याच वर्षांत सुपरमार्केट आली, शीतपेट्या आल्या, खोऱ्यांतल्या शेतांवर कारखाने आणि घरं आली. पण रिकामे ओटे आधी पडले ते त्या एका वसंतात. पुढे हा रिकामा, गळका बाजार पाडून टाकायची योजना १९६३ मध्ये निघाली. व्हिक्टर स्टाइनब्रूक नावाच्या वास्तुशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि त्यांच्या मित्रांनी लढा दिला, आणि २ नोव्हेंबर १९७१ च्या मतदानात शहराने ७६ हजारांवर मतांनी, विरोधातल्या ५३ हजारांवर मतांना मागे टाकून, बाजार वाचवला. ही वाचवण्याची गोष्टही मी पाहुण्यांना अभिमानाने सांगत असे. तो बाजार मुळात रिकामा का झाला, हे मात्र मधल्यामध्ये गाळत होतो.

वाचवलेल्या बाजाराला पुन्हा शेतकरी हवे होते. ते आले लाओसमधून. तिथल्या युद्धानंतर, १९७५ पुढे, निर्वासित होऊन आलेले डोंगरी मोंग लोक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यापीठाची विस्तार सेवा, किंग काउंटी आणि मार्केट यांनी मिळून त्यांच्यासाठी शेतीचा प्रकल्प उभा केला आणि त्यांनी ओटे फुलांनी भरले. आज सिएटलमध्ये जो स्वस्त, घसघशीत गुच्छ मिळतो तो त्यांच्यामुळे. आईची ती गुच्छवाली त्यांच्यातलीच.

कायद्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. हिंदी माणसाला नागरिकत्वाचा रस्ता १९४६ मध्ये मोकळा झाला, जपानी माणसाला १९५२ मध्ये. वॉशिंग्टनचा परक्यांच्या जमिनीवरचा कायदा मात्र रद्द झाला १९६६ मध्ये, तोही मतदान घेऊन. १९५७ मध्ये माझ्या पणजोबांचं नाव निफाड तालुक्यातल्या सातबाऱ्यावर लागत होतं, तेव्हा तो इथे पुस्तकात शाबूत होता. आपल्या कुळकायद्यातही अन्याय झाले, पळवाटा निघाल्या, अनेक कुळांना कागद दाखवता आला नाही म्हणून जमिनी गेल्या, विधवांच्या जमिनी गेल्या. हे सगळं मान्य. पण कायद्याने निदान 'कसेल त्याची जमीन' ही दिशा धरली होती. इथे कितीतरी वर्षं दिशा उलटी होती. कसलेलं खा, कसणाऱ्याला ठेवू नका.

सरकारने १९८८ मध्ये माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. त्या मागणीची एक मोठी सुरुवात इथेच झाली होती. २५ नोव्हेंबर १९७८ ला सिएटलहून मोटारींची लांबच लांब रांग प्युआलपच्या त्याच मैदानावर गेली. पहिला स्मरणदिन. तोही थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार.

डिसेंबरात आई परत जायच्या आधी आम्ही पुन्हा मार्केटला गेलो. या वेळी मी तिला मुख्य प्रवेशाशी उभं केलं आणि वर बघायला सांगितलं. तिथे अकी सोगाबे या चित्रकर्तीची पाच चित्रं लावलेली आहेत, कागद कातरून केल्यासारखी, जपानी शेतकऱ्यांच्या आठवणीची. १९९० च्या दशकाच्या शेवटी लावली. मी त्यांच्याखालून शंभर वेळा तरी गेलो असेन. नजर कायम खाली, माशांकडे नाहीतर भाजीकडे.

मी तिला वाचलेलं सगळं सांगितलं. भुरभुर चालूच होती. मध्ये मध्ये लोक छत्रीला धडकून 'सॉरी' म्हणत जात होते. आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग त्या वर्षी गिऱ्हाइकं काय म्हणाली? रोज भाजी घेणाऱ्या बायका?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. काहींनी सामान सांभाळून ठेवलं, काहींनी पत्रं लिहिली, अशा माणसांच्या गोष्टी आहेत. आणि बाकीच्यांनी बहुधा पुढच्या ओट्यावरून भाजी घेतली. मीही तेच केलं असतं का? थेट शेतकऱ्याकडून घेतो याचा मला केवढा अभिमान! पण ज्यांच्याकडून दहा वर्षं भाजी घेतोय त्यांच्यापैकी एकाचीही जमीन कोणाची, करार किती वर्षांचा, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते आईने पहिल्या अर्ध्या तासात विचारलं.

असो. आई त्या गुच्छवालीकडे गेली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. आईने बरोबर आणलेली लाडूंची पुडी तिच्या ओट्यावर ठेवली आणि तिने आईच्या हातात लव्हेंडरची एक जुडी दिली. मग आम्ही पाच पौंड कांदे घेतले, प्रत्येकाची मान दाबून, निवडून. मागे रांग लागली होती, पण आईला घाई नव्हती. आता त्यांतले दोनच उरलेत, आणि एकाला कोंब आलाय.